उघड्या दाराचा शिरस्ता

२०१७ सालच्या पावसाळ्यात राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली आणि कर्जमाफीचा अर्ज संगणकाद्वारेच दाखल करण्याचे बंधन घातले, तेव्हा वणी-मारेगावपासून पुसद-उमरखेडपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकार, ऐन निंदणी-डवरणीच्या दिवसांत हातातील काम बाजूस ठेवून, सेवा केंद्रांच्या दारी रांगा लावून उभा राहिला. आधार क्रमांक, बँकेतील खात्याचा तपशील, कर्जाची थकबाकी, कुटुंबातील माणसांची माहिती, असा जो ऐवज त्याने आजवर घरातील पेटीत कुलूप घालून जपला होता, तो त्या दिवशी एका अनोळखी यंत्राच्या स्वाधीन झाला. त्या यंत्रावर तो कोणाकोणास वाचता येईल, हे त्याने विचारले नाही. आणि विचारले असते तरी समोर बसलेल्या तरुण केंद्रचालकास त्याचे उत्तर देता आले असते असे नाही. कारण त्या प्रश्नाचा निकाल यवतमाळात लागलेला नव्हता आणि मुंबईतही लागलेला नव्हता. यंत्राची कार्यप्रणाली ज्यांनी घडविली त्यांनी, फार पूर्वी आणि फार दूर बसून, जो शिरस्ता घालून दिला, तोच येथे मुकाट्याने लागू झाला होता.

कोणीही काही न सांगता जी व्यवस्था आपोआप लागू होते, ती बंद दाराची असावी की उघड्या दाराची, हा या लेखाचा विषय आहे. सेवा केंद्रांतील यंत्रांवर बहुधा विंडोज ही कार्यप्रणाली असते, हे मला ठाऊक आहे. परंतु या प्रश्नाची सर्वांत जुनी आणि सर्वांत बोधप्रद कैफियत युनिक्स व तिच्या वंशातील लिनक्स यांच्या इतिहासात सापडते, म्हणून त्याच इतिहासाचा आश्रय घेणे मला इष्ट वाटते. शिवाय हा वंश आपल्यापासून दूर नाही. पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी संस्थेत संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा परिचय करून घ्यावाच लागतो. आणि बाजार समितीच्या आवारात कापसाचा भाव पाहण्यासाठी कास्तकार जो अँड्रॉइड फोन खिशातून काढतो, त्याचा गाभाही लिनक्सचाच आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावे, या हेतूने ती रचलेली असल्यामुळे कोणाचे काय आणि ते कोणास दिसावे, याची तजवीज तिच्यात आरंभापासूनच होती. प्रत्येक वापरकर्त्यास यंत्रावर त्याची स्वतःची एक जागा मिळते. तिला होम डिरेक्टरी म्हणतात, आपण तिला घर म्हणू. या घराच्या बाबतीत जगाचे तीन वर्ग पाडलेले असतात: पहिला स्वतः मालक, दुसरा त्याचा गट आणि तिसरा उरलेले सर्व. प्रत्येक वर्गास तीन प्रकारची मुभा देता येते अथवा नाकारता येते. वाचनाची मुभा असल्यास आतील फाइलींच्या नावांची यादी पाहता येते, लेखनाची मुभा असल्यास आत नवे निर्माण करता वा जुने काढून टाकता येते, आणि प्रवेशाची मुभा असल्यास घरात शिरून पुढच्या वस्तूपर्यंत पोहोचता येते. वाचनास ४, लेखनास २ आणि प्रवेशास १ अशी अंकमूल्ये आहेत, आणि तिन्ही वर्गांच्या बेरजा ओळीने मांडल्या की तीन अंकांची एक संख्या तयार होते. ७०० म्हणजे मालकास सर्वाधिकार व इतर सर्वांस मज्जाव. ७५५ म्हणजे मालकास सर्वाधिकार, आणि त्या यंत्रावर खाते असलेल्या प्रत्येकास घरात शिरण्याची व यादी वाचण्याची मोकळीक.

अनेक दशके पुष्कळशा युनिक्सवंशीय प्रणालींचा शिरस्ता ७५५ हाच राहिला. त्याच्या जोडीला, नव्याने निर्माण होणाऱ्या फाइलीतून कोणती मुभा वगळावी हे ठरविणारी ०२२ ही दुसरी संख्या असे, आणि तिच्या योगाने नवी फाइल इतरांस लिहिता येत नसली तरी वाचता येत असे. या दोन संख्यांचा संयुक्त परिणाम असा होई की, वापरकर्त्याने काहीच केले नाही, तर त्याचे लिखाण, त्याचा हिशोब आणि त्याचा अर्ज त्या यंत्रावरील कोणत्याही खातेदारास वाचण्यास मोकळा राही. त्यास कोणतेही कुलूप तोडावे लागत नसे, कारण कुलूप घातलेलेच नसे.

हा शिरस्ता घालणारी माणसे निष्काळजी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका प्रयोगशाळेतील मूठभर सहकारी, परस्परांस ओळखणारे, एकमेकांच्या कामावर आपले काम उभे करणारे, अशा मंडळींच्या जगात उघडे दार हे विद्येच्या देवघेवीचे साधन होते. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने वाचावी, तिसऱ्याने सुधारावी, आणि सर्वांनी मिळून ज्ञानाची वृद्धी करावी, ही त्यामागची भावना होती, आणि आज जगभर जी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी आहे तिच्या मुळाशीही काही अंशी हीच भावना आहे. माझा आक्षेप त्या भावनेवर नाही. जी व्यवस्था परिचितांच्या लहान वर्तुळासाठी उचित होती, ती वर्तुळ मोडून गेल्यावरही, कोणी फेरविचार न केल्यामुळे, अनोळखी माणसांच्या मोठ्या समाजावर चालू राहिली, यावर माझा आक्षेप आहे.

वर्तुळ मोडल्याचे पुरावे लवकरच पुढे आले. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली संकेतशब्दांच्या सुरक्षिततेवर एक निबंध प्रसिद्ध करून, वापरकर्ते किती सहज तर्क करता येतील असे संकेतशब्द निवडतात हे दाखवून दिले. आणि त्या काळी हे संकेतशब्द, गूढ रूपात का होईना, ज्या फाइलीत ठेवलेले असत ती सर्वांस वाचनास खुली असे. पुढे २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याच मॉरिस यांच्या पुत्राने, रॉबर्ट टॅपन मॉरिस याने, इंटरनेटवर सोडलेला स्वयंप्रसारी प्रोग्राम हजारो यंत्रांत शिरला आणि त्याने विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे कामकाज विस्कळीत केले. त्याच्या साधनांपैकी एक मुद्दाम ध्यानी घेण्याजोगे आहे. ज्या यंत्रात तो शिरे, तेथील संकेतशब्दांची सर्वांस खुली असलेली फाइल तो वाचून घेई, आणि वाचता वाचता प्रत्येक वापरकर्त्याच्या घरात डोकावून, टपाल पुढे कोठे पाठवावे हे नोंदविणारी त्याची फाइल तपाशी व तीतून पुढच्या यंत्रांचे पत्ते गोळा करी. घरे उघडी होती म्हणून त्याचे हे काम सुकर झाले. सहकाऱ्याच्या सोयीसाठी मोकळे ठेवलेले दार घुसखोराच्याही सोयीचे असते, हा धडा त्या दिवशी जगास मिळाला; तो अंगी बाणण्यास मात्र आणखी कित्येक वर्षे जावी लागली.

वस्तुतः तत्त्व आधीच मांडले गेले होते. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली, संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयीच्या आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, मूळ अवस्था नकाराची असावी आणि मुभा ही प्रत्येक वेळी कारणासहित दिली जावी. त्यांनी दिलेले कारण मला या संपूर्ण विषयाचे मर्म वाटते. जेथे मूळ अवस्था नकाराची असते, तेथे व्यवस्थेत चूक झाली तर तिचा परिणाम असा होतो की, ज्यास अधिकार आहे त्यास प्रवेश नाकारला जातो. तो माणूस त्याच दिवशी तक्रार घेऊन येतो, आणि चूक उघडकीस येऊन दुरुस्त होते. उलट, जेथे मूळ अवस्था मोकळीकीची असते, तेथे झालेल्या चुकीने अनधिकारी माणसास प्रवेश मिळतो. तो तक्रार करीत नाही, ज्याचे नुकसान झाले त्यास ते कळत नाही, आणि चूक वर्षानुवर्षे मुकी राहते. मारेगावच्या शेतकऱ्यास आपला अर्ज उघडता आला नाही, तर तो केंद्रावर येऊन जाब विचारील. परंतु त्याचा अर्ज कोणी परका वाचून गेला, तर त्याने कोणास आणि कशाच्या आधारावर जाब विचारावा? ज्या समाजात बहुसंख्य लोकांस यंत्राच्या अंतर्भागाचे ज्ञान नाही, त्या समाजाने बोलकी चूकच पत्करली पाहिजे.

सुदैवाने शिरस्ता बदलत आहे. लिनक्सच्या वंशातील रेड हॅट परिवाराच्या प्रणालींत नव्या वापरकर्त्याचे घर फार वर्षांपासून ७०० याच मापाने बांधले जाते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने, २००४ साली पहिली आवृत्ती निघाल्यापासून चालत आलेले ७५५ हे माप, एप्रिल २०२१ च्या आवृत्तीत सोडून ७५० स्वीकारले. त्या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याचा गट स्वतंत्र व एकट्याचाच असल्यामुळे ७५० ही संख्या व्यवहारात बंद दाराचीच ठरते. मात्र कोणास आत घ्यावयाचे झाल्यास त्यास गटात सामील करण्याची वाट तीत शिल्लक राहते. डेबियन या लिनक्स प्रणालीनेही २०२३ साली निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून ७०० चा अवलंब केला. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने घडविलेली 'बॉस' ही कार्यप्रणाली डेबियनच्याच पायावर उभी असल्याने, डेबियनमधील निर्णय हा भारतातील सरकारी संगणकव्यवस्थेस परका मानता येत नाही. अँड्रॉइडमध्ये तर प्रत्येक अ‍ॅप हा एक निराळा वापरकर्ता समजून त्यास स्वतंत्र घर दिले जाते. २०१६ सालच्या सातव्या आवृत्तीत, त्या आवृत्तीसाठी घडविलेल्या अ‍ॅपांच्या घरांचे माप ७०० करण्यात आले, आणि सर्व अ‍ॅपांच्या सामाईक साठ्यावरही २०१९ पासून क्रमाक्रमाने निर्बंध आले. म्हणजे आपल्या कास्तकाराच्या खिशात जे यंत्र आहे, त्याने बंद दाराचे तत्त्व केव्हाच मान्य केलेले आहे. मान्य करावयाचे राहिले आहे ते त्याचे कागद हाताळणाऱ्या कचेऱ्यांनी.

येथे एका भ्रमाचे निराकरण करणे आवश्यक आहे. शिरस्ता बदलला म्हणून जुनी घरे आपोआप बंद होत नाहीत. नवे माप नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांस लागू होते. पूर्वी ७५५ ने बांधलेली घरे, प्रणालीची आवृत्ती वरचेवर नवी केली तरी, कोणी मुद्दाम जाऊन बंद करीपर्यंत उघडीच राहतात. ज्या संस्थेचा संगणक दहा वर्षांपूर्वी बसविला गेला आणि त्यानंतर केवळ चालत राहिला, त्या संस्थेने आपण सुरक्षित आहोत असे मानण्याचे काहीच कारण नाही.

बंद दाराविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींचा आदराने विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप शिक्षकांचा: महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम पाहावे, त्यातून शिकावे, हेच तर शिक्षण, दारे लावून घेतल्यास ही देवघेव थांबेल. पण देवघेवीसाठी सामाईक फोल्डर निर्माण करता येतो, गट स्थापन करता येतो, आणि ज्यास आपले एखादे पान सर्वांपुढे ठेवावयाचे आहे त्याच्यासाठी ७११ हे मापही आहे, ज्यात आत जाण्याची वाट राहते परंतु यादी कोणास दिसत नाही. देणाऱ्याने आपल्या हाताने दिले, तरच त्यास दान म्हणावे. त्याच्या नकळत उचलले गेले, त्यास ते नाव शोभत नाही. विद्यार्थ्याने आपली आज्ञावली मित्रास वाचावयास द्यावी, परंतु त्याच घरात ठेवलेला त्याचा नोकरीचा अर्ज, त्याच्या आजारपणाचा दाखला किंवा शिष्यवृत्तीसाठी जोडलेले वडिलांच्या उत्पन्नाचे प्रमाणपत्र मित्राने का वाचावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो लोकशाहीच्या नावाने घेतला जातो: बंद दाराचा पुरस्कार म्हणजे गोपनीयतेचा पुरस्कार, आणि गोपनीयता तर राज्यकर्त्यांस हवीच असते. येथे सातबाराचे उदाहरण मार्गदर्शक आहे. जमिनीचा सातबारा उतारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो, आणि २०१८ च्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळण्याचीही सोय झाली. ही मोकळीक समाजाने विचारपूर्वक स्वीकारलेली आहे, कारण जमिनीची मालकी, तिच्यावरील बोजा आणि तिचे फेरफार लोकांस ज्ञात असण्यात व्यवहाराची शुद्धता आहे. तसेच २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने शासनाचे दप्तर जनतेस खुले केले, तेही हेतुपूर्वक आणि सकारण. माझे म्हणणे याच्या पूर्णपणे अनुकूल आहे. शासनाचा कारभार उघडा असावा आणि रयतेचे घर बंद असावे. आणि जेथे जेथे उघडेपणा असेल, तेथे तो कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या कारणास्तव दिला, हे सांगता आले पाहिजे. सातबाऱ्याच्या उघडेपणाचे उत्तर कायद्यात सापडते. शेतकऱ्याच्या बँकखात्याचा तपशील सामाईक फोल्डरात उघडा पडला असेल, तर त्या उघडेपणाचे उत्तर कोणाजवळच नसते.

आपणहून लागू होणारी व्यवस्था तटस्थ असते, ही समजूत या सर्व अनर्थाचे मूळ आहे. ज्याने ती ठरविली त्याने, ती बदलण्याचे ज्ञान, सवड किंवा धैर्य ज्यांच्यापाशी नाही अशा सर्वांच्या वतीने निर्णय घेतलेला असतो. जाणकार मनुष्य एक ओळीची आज्ञा देऊन आपले घर क्षणात ७०० करील. त्याच्यासाठी शिरस्ता कोणता आहे यास फारसे महत्त्व नाही. शिरस्त्याचा खरा भार पडतो तो घाटंजीच्या त्या विधवेवर, जिला अनुदानाचा अर्ज भरण्यासाठी दुसऱ्याच्या बोटांवर विसंबावे लागते, आणि झरी-जामणीच्या त्या आदिवासी तरुणावर, ज्याच्यासाठी यंत्रावरील इंग्रजी सूचना ही दुहेरी परकी भाषा आहे. म्हणून व्यवस्थेची परीक्षा, तिच्यातील सर्वांत असहाय माणसाचे रक्षण तो काहीही न करता होते की नाही, या कसोटीवर व्हावयास हवी.

अर्थात ७०० ही संख्या म्हणजे सर्व दुखण्यांवरील मात्रा नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यंत्राचा जो सर्वाधिकारी व्यवस्थापक असतो, त्यास हे दार अडवीत नाही. यंत्रच चोरीस गेले किंवा त्याची डिस्क काढून नेली, तर ती गूढलिपीत बंदिस्त केलेली नसल्यास परवानगीचे अंक निरुपयोगी ठरतात. आणि आपल्याकडील सर्वांत मोठा दोष याहूनही प्राथमिक आहे: पुष्कळ ठिकाणी यंत्रावर एकच खाते असते, एकच संकेतशब्द असतो, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत येणारी चार माणसे त्याच खात्यातून काम करतात. ज्यांनी अशा केंद्रांवर रांगा लावल्या आहेत, त्यांनी कोणाकोणाच्या आधारकार्डांच्या प्रतिमा पडद्यावर एकत्र पसरलेल्या पाहिल्याच असतील. जेथे मालक आणि इतर हा भेदच यंत्रास ठाऊक नाही, तेथे युनिक्सचे तीन वर्ग असोत वा विंडोजची परवानग्यांची यादी असो, कोणास अडवावे हे यंत्रास कळणारच नाही. प्रत्येक माणसास स्वतंत्र खाते, ही त्यामुळे पहिली पायरी; बंद घर ही दुसरी; आणि काम संपताच दुसऱ्याच्या कागदांच्या प्रती नष्ट करण्याची शिस्त ही तिसरी.

कायद्याची भूमीही आता तयार आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. योगायोग असा की, त्याच पावसाळ्यात आपला कास्तकार कर्जमाफीच्या रांगेत उभा होता. पुढे २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत करून, माहिती हाताळणाऱ्यावर तिच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजण्याची जबाबदारी टाकली आणि ती न पाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. परंतु वाजवी उपाय म्हणजे काय, हे प्रत्येक कचेरीत कोणीतरी ठरवावे लागते. घराचे दार मुळात बंद ठेवणे, ज्यास एक पैसाही खर्च येत नाही, हा उपाय जर वाजवी नसेल, तर दुसरा कोणता असणार?

म्हणून माझी मागणी मोघम नाही. जिल्हा प्रशासनाने सेवा केंद्रांशी होणाऱ्या करारांत व त्यांच्या तपासणीच्या नमुन्यात तीन कलमे घालावीत: प्रत्येक चालकास स्वतंत्र खाते, प्रत्येक खात्याचे घर इतरांस बंद, आणि काम झाल्यावर नागरिकाच्या कागदांच्या प्रती ठेवण्यास मनाई. अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांनी आपल्या सामाईक संगणकांवरील जुनी घरे एकदा मोजून पाहावीत आणि जी ७५५ आढळतील ती विद्यार्थ्यांस पूर्वसूचना देऊन ७०० किंवा ७५० करावीत. हे काम त्याच महाविद्यालयाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी एका दुपारी पार पाडू शकतील आणि त्यातून जे शिकतील ते कोणत्याही परीक्षेहून अधिक टिकाऊ असेल. पतसंस्था, सहकारी बँका आणि रुग्णालये यांनी यंत्रे पुरविणाऱ्या कंत्राटदारास, नव्या खात्याचे घर कोणत्या मापाने बांधले जाते, हा एकच प्रश्न लेखी विचारावा व त्याचे उत्तर लेखी घ्यावे. ज्यास उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती लोकांचे कागद देऊ नयेत. आणि नागरिकाने, संकोच न बाळगता, आपला अर्ज भरून झाला की केंद्रचालकास विचारावे: माझे कागद आता कोण कोण पाहू शकतो? हा प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क आहे, आणि त्याचे उत्तर तयार ठेवणे हे ज्याने कागद घेतले त्याचे कर्तव्य आहे.